आठवण ठेवायचं काम कुणाचं?

मैत्रिणींनो, सकाळी जाग आल्यावर तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो? लहानपणी आपल्याला उठल्यावर हाताकडे बघून श्लोक म्हणायला शिकवलं होतं. मला मात्र लग्नानंतर कित्येक वर्षं पहिला विचार यायचा तो नळाचा. आज पाण्याचा दिवस आहे का? असेल तर किती वाजता? मोटर कुणी लावायची? आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं अशी पाण्याचे दिवस मोजत काढली आहेत. कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. तिकडे पैठणला नाथसागर तुडुंब भरलेला असला तरी इकडे आमचा एक कान नळाकडेच.

पाण्यामागून मग बाकीची रांग लागते. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर, मुलीची फी, सासूबाईंची गोळी, मावसनणंदेच्या घरचं बारसं, इस्त्रीला दिलेले कपडे. अंथरुणातून पाय खाली टेकायच्या आधीच डोक्यात बाजार भरलेला. आणि अशा वेळी कुणीतरी आपल्याला सांगतं, 'अगं, मन शांत ठेवायला शिक जरा!'

मीही शिकायला निघाले होते. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे, कारण शिकता शिकता मला जे समजलं ते मी धरून चालले होते त्यापेक्षा वेगळंच निघालं.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. घरात फराळाची तयारी, बचत गटाचे बँकेचे कागद अडकलेले, मुलीचा बारावीचा फॉर्म भरायचा, त्यात पाण्याचा दिवस. सासूबाईंना रोज नाश्त्यानंतर रक्तदाबाची गोळी द्यायची असते. ते काम माझं. मी गोळ्यांचं पाकीट काढायची, टेबलावर ठेवायची, तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं किंवा दारात कुणीतरी यायचं, आणि मी निघून जायची. मनात पक्कं असायचं की गोळी दिली. असे सलग तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही हे नशीब, पण कपाळाला दोन टाके पडले.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. मला तिथेच रडू फुटलं. म्हटलं, 'डॉक्टर, हल्ली माझं डोकंच ठिकाणावर नसतं. ध्यानबिन काहीतरी नेमानं करायला पाहिजे.' त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता शांतपणे विचारलं, 'घरात माणसं किती?'

'पाच.'

'मग गोळी लक्षात ठेवणारं एकच कसं?'

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. घरी येईपर्यंत रिक्षात मी गप्प होते. तोपर्यंत मी असंच धरून चालले होते की मन थाऱ्यावर नसणं हा माझा दोष आहे. माझ्यात एकाग्रता नाही, माझी श्रद्धा कमी पडते, मी चिडकी आहे. हा दोष काढायला मी काय काय केलं होतं! पहाटेचा योगवर्ग लावला, जप केला, आणि २०१७ साली इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिरही केलं.

त्या शिबिराबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना त्याची उत्सुकता असते. ही साधना आपल्याकडे पुन्हा रुजवली सत्यनारायण गोयंका यांनी. त्यांचा जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. व्यापारी घराणं. पैसाअडका भरपूर, पण डोकेदुखीनं हैराण. परदेशात जाऊन उपचार केले, उपयोग झाला नाही. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. हे ऊ बा खिन कुणी संन्यासी नव्हते बरं का, ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, बायकामुलं असलेले संसारी गृहस्थ. कचेरी सांभाळून साधना करायचे आणि शिकवायचे. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली आणि २०१३ मध्ये ते गेले. आज आपल्या शहरापाशीही 'धम्म अजंता' नावाचं केंद्र आहे. शिबिराला फी नसते, आधी शिबिर केलेल्या साधकांच्या दानावर ते चालतं.

पहाटे चारला घंटा होते. दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. सुरुवातीचे तीन-साडेतीन दिवस नुसतं नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचं. पहिले दोन दिवस माझे पाय भरून आले, कंबर मोडली, आणि श्वासाच्या जागी मला आमच्या पाण्याच्या टाकीचा फ्लोट दिसत होता! पण चौथ्या-पाचव्या दिवशी मन खरंच निवळलं. गढूळ पाण्याचा हंडा हलवायचा थांबवला की गाळ तळाशी बसतो ना, अगदी तसं.

घरी परत आले तेव्हा चेहऱ्यावर तेज आलंय असं सगळे म्हणाले. ते तेज नेमकं किती दिवस टिकलं असेल? चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि मुलानं विचारलं, 'आई, माझा निळा टॉवेल कुठंय?' दहा दिवस तो टॉवेल बिचारा जिथे होता तिथेच दोरीवर वाळत होता. महिनाभरात माझी गाडी पूर्वीच्याच रुळावर आली. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगितलं होतं, ते काही जमलं नाही. मी पुन्हा स्वतःलाच दोष दिला.

डॉक्टरांच्या प्रश्नानंतर मात्र मी त्या दहा दिवसांचा पुन्हा विचार केला. तिथली अर्धी शांती श्वासाची होती, साधनेची होती, हे मी मनापासून मान्य करते. पण उरलेली अर्धी? तिथे स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत होतं. कधी उठायचं, कधी जेवायचं हे घंटा सांगत होती. दहा दिवस मला कुणाचं काहीही लक्षात ठेवायचं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा!

आपण बायका कामाला कमी पडत नाही. हात दुखतात, पाय दुखतात, रात्री झोप झाली की सकाळी पुन्हा उभ्या. आपल्याला खाऊन टाकतं ते काम नव्हे, कामाची आठवण ठेवणं. घरातला माळा कसा असतो, ज्याला जे ठेवायला जागा नाही ते माळ्यावर टाकतो. तसं घरातल्या प्रत्येकानं आपापलं गाठोडं आणून आपल्या डोक्यात टाकलेलं असतं. आणि अशा भरलेल्या माळ्यात आपण आसन टाकून ध्यानाला बसायचं म्हणतो!

खात्री करून घ्यावी म्हणून मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक प्रयोग केला. सोळा जणी होत्या. प्रत्येकीला कोरा कागद दिला आणि म्हटलं, 'पाच मिनिटं. आत्ता डोक्यात जे जे चाललंय ते लिहा. शुद्धलेखन बघणार नाही.' पहिल्यांदा हसल्या, मग माना खाली गेल्या. एकीच्या कागदावर एकतीस गोष्टी निघाल्या. सासऱ्यांचा चष्मा, मुलाच्या बुटाचा तळ, रेशनकार्डावरचं नाव, भावाला राखीचं पाकीट, दळण, विहिणीचा राग. सोळा कागदांत स्वतःसाठीची गोष्ट फक्त तिघींनी लिहिली होती, आणि त्यातल्या दोघींची एकच होती: दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, सहा महिने झाले. सगळ्यांत जास्त लिहिणारी ती एकतीसवाली कागद बघत म्हणाली, 'ताई, एवढं सगळं मी रोज घेऊन हिंडते होय? तरीच मान दुखते!' सगळ्या हसल्या. पण लिहून झाल्यावर जरा हलकं वाटलं असं बहुतेकींनी सांगितलं.

असं का व्हावं? ब्लूमा झायगार्निक नावाची एक बाई बर्लिनमध्ये मानसशास्त्र शिकत होती. हॉटेलातल्या वेटरला बिल चुकतं होईपर्यंत कुणी काय मागवलं ते पाठ असतं आणि पैसे मिळाले की तो विसरतो, यावरून तिला प्रश्न पडला असं सांगतात. अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मनात जास्त राहतं, असं तिनं १९२७ मध्ये प्रयोगातून मांडलं. पुढच्या सगळ्याच संशोधकांना अगदी तसंच आढळलं असं नाही. पण २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना एक उपयोगाची गोष्ट दिसली. राहिलेलं काम कधी आणि कसं करायचं हे नीट ठरवून टाकलं, तर ते काम पुरं झालेलं नसतानाही त्याचा मनातला त्रास कमी होतो. म्हणजे मनाला काम संपायलाच हवं असं नाही. त्याची कुठेतरी नीट सोय लागली आहे, एवढा भरवसा मनाला पुरतो.

आता काही जणी म्हणतील, 'आमच्या आयांनी नाही का केलं सगळं? त्यांनी कधी कुरकुर केली नाही.' केली नसेलही, पण कुणी विचारलं होतं का? पैठणच्या एकनाथ महाराजांना आपण शांतिब्रह्म म्हणतो. गोदावरीचं स्नान करून येताना अंगावर एकशे आठ वेळा थुंकणाऱ्या माणसावरही ते रागावले नाहीत, पुन्हा पुन्हा नदीवर गेले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. सांगायलाच हवी. पण नाथांच्या दारी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढणाऱ्या गिरिजाबाईंच्या शांतीची गोष्ट आपल्याला तितकी कुठे सांगितलेली असते?

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या संत बहिणाबाई घ्या. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. अगदी लहानपणी लग्न, नवरा वयानं कितीतरी मोठा आणि तापट. त्यांनी तुकोबांना मनोमन गुरू मानलं ते नवऱ्याला खपलं नाही. मारहाण सोसावी लागली. पुढे त्याचं मन पालटलं आणि ते कुटुंब देहूला गेलं. शेवटी १७०० मध्ये वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्यांनी देह ठेवला, तिथे त्यांची समाधी आहे. हे सगळं आपल्याला ठाऊक कसं? तर त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांतून सांगून ठेवलं म्हणून. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका संसारी बाईनं मनातलं मनात ठेवलं नाही, शब्दांत उतरवलं. बहिणाबाईंनी सोसलं हे आपण शिकू नये. त्यांनी सांगितलं, हे शिकावं.

सोसण्याचं म्हणाल तर आकडेही बघा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. २०१९ मध्ये घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटं थोडी कमी झाली, मग दोघांमधलं अंतर? आधी २०२ मिनिटांचं होतं, आता २०१. पाच वर्षांत एक मिनिट! आणि भाजी चिरताना डोक्यात चाललेली फीची काळजी वेगळी कोण मोजणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की बाईला मनःशांती हवी असेल तर आधी घरातली आठवणीची वाटणी व्हायला हवी. ध्यान, जप, योग जे रुचेल ते नंतर. ते टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण आधी माळा झाडायचा, मग आसन घालायचं.

आम्ही घरी काय केलं ते सांगते. सासूबाईंचे टाके निघाले त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना बसवलं आणि माझ्या डोक्यातली यादी मोठ्यानं वाचली. चाळीसच्या वर गोष्टी होत्या. हे म्हणाले, 'अगं, सांगत जा ना, मी करत जाईन.' मी म्हटलं, 'अहो, सांगायचं लक्षात ठेवणं हेच तर काम आहे.' ते गप्प झाले. मग त्यांनीही त्यांच्या डोक्यातलं सांगितलं: घराचा हप्ता, विम्याची तारीख, गावाकडच्या शेताचा वाद. तेही काही कमी ओझं नव्हतं आणि मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. हेही कबूल केलं पाहिजे.

मग वाटणी झाली. मदत नव्हे, वाटणी. मदतीत आठवण आपल्याकडेच राहते. आईंची औषधं पूर्णपणे यांच्याकडे गेली. आणणं, संपत आली की बघणं, देणं, सगळं. सात खणांची प्लॅस्टिकची डबी आणली, त्यामुळे आज गोळी गेली की नाही ते डोळ्यांनाच दिसतं. आणि आईंनीच सांगितलं, 'मला काय, मीही आठवण करीन की, मी काय तान्ही आहे?' पाणी आणि मोटर मुलाकडे. गॅस, वीजबिल आणि दूध मुलीकडे. बाकीचं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं, आणि ते रोज रात्री सगळ्यांनी बघायचं.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. मुलगा विसरला आणि टाकी रिकामी राहिली. आम्ही टँकर मागवला, त्याचे पैसे त्याच्या खर्चातून कापले. वीजबिलाची तारीख उलटली. प्रत्येक वेळी माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, 'द्या इकडे, मीच करते.' शिबिरातलं मौन सोपं होतं हो, घरातलं हे मौन अवघड! खरी साधना मी तेव्हा केली. कारण आठवणीचं ओझं आपणही सोडत नाही, मैत्रिणींनो. माझ्यावाचून घर चालत नाही यात आपल्यालाही थोडा मान वाटतो. तो मान सोडावा लागतो. फक्त औषधाच्या बाबतीत मी महिनाभर रात्री डबी बघून घेतली. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे अशी नजर ठेवण्यात कमीपणा नाही.

दोन महिन्यांनी गाडी रुळावर आली आणि मला दिवसाचा थोडा वेळ मोकळा मिळाला. तासभर नाही, वीस मिनिटं. दुपारी भांडी झाल्यावर मी मागच्या खोलीचं दार लावून घेते. फोन बाहेर. पाच मिनिटं डोक्यात उरलेलं वहीत लिहून काढते, त्याच्यासमोर करायचा दिवस घालते, आणि मग पंधरा मिनिटं श्वासाकडे लक्ष देत बसते. कधी मन लागतं, कधी डुलकी लागते. चालतं. आमच्या विद्यापीठामागच्या डोंगरात लेणी आहेत, तिथे भिक्षूंसाठी दगडात खोदलेल्या लहान लहान खोल्या बघितल्या की मला वाटतं, शांत बसायला माणसाला जागा लागते हे त्या लोकांना दीड हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. आपल्या घरात बाईसाठी तेवढं एक लावलेलं दार वीस मिनिटं तरी असू नये?

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. दोन-दोन आठवडे झोप येत नसेल, कशातच जीव रमत नसेल, रडू आवरत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते यादीनंही जात नाही आणि ध्यानानंही नाही. ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं. दातासाठी जातो तसंच मनासाठीही डॉक्टरकडे जावं, लाज कसली?

आज सासूबाई ठणठणीत आहेत. कपाळावरची खूण तेवढी राहिली आहे. ती दिसली की मला अजूनही कसंतरी होतं, पण आता मी स्वतःला दूषणं देत नाही. परवा आमची एकतीसवाली मैत्रीण भेटली. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आली म्हणे. मी विचारलं, 'यादी किती राहिली?' म्हणाली, 'बारा. बाकीची घरात वाटून टाकली.'

तुम्हीही आज रात्री जेवणं झाल्यावर एक कोरा कागद घ्या. डोक्यातलं सगळं लिहा आणि घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. आणि वाचून झालं की तो कागद पुन्हा स्वतःच्या पदराला बांधू नका. टेबलावर मधोमध ठेवा.